नंबर नको, पायाचं माप सांगा



गणपतीला गावी निघायच्या आधी मुंबईच्या चाकरमान्याचा एक फोन हमखास येतो. "येताना काय आणू?" घरातली मुलगी पोलीस भरतीची तयारी करत असेल, तर ती धावायचे बूट सांगते. आईला साखरेसाठी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं असेल, तर मुलगाच म्हणतो, "आये, तुका बूट हाडतंय. नंबर किती?" मग पायातली चप्पल उलटी करून नंबर बघितला जातो आणि तोच फोनवर सांगितला जातो.

बूट येतात. दिसायला छान असतात. पहिल्या दिवशी चवड्यात जरा आवळतात. घरची म्हणतात, "घालून घालून सैल होतील." आठ दिवसांत करंगळीला फोड येतो, अंगठ्याचं नख काळं पडतं. मग बूट माळ्यावर जातात. पैसे गेले ते गेलेच, पण त्या बुटांबरोबर मुलीचं धावणं आणि आईचं चालणंही बंद पडतं. हे नुकसान पैशापेक्षा मोठं आहे. आणि एवढं होऊन आपण दोष कुणाला देतो? स्वतःच्या पायांना! "माझे पायच असले, कुठलेच बूट बसत नाहीत."

आजच्या भाषणात मला एवढंच सांगायचं आहे, की दोष पायांचा नाही. दोष मापाचा आहे. पाय कसेही असले, रुंद, सपाट, वाकडे, एक लहान एक मोठा, तरी त्यांना चालतील असे बूट शोधता येतात. त्यासाठी लागतं एक कागद, एक पेन्सिल, शिवणकामाची टेप आणि दुकानात घालवायची वीस मिनिटं.

आपले पाय रुंद का वाटतात?

आपल्यातल्या बहुतेकींचं लहानपण अनवाणी किंवा चपलेत गेलं. मळ्यातला चिखल, घाटीच्या पायऱ्या, जांभ्या दगडाच्या पाणंदी. अशा पायाची बोटं मोकळी पसरलेली राहतात. चवडा रुंद होतो. हा काही रोग नाही. उलट पसरलेली बोटं शरीराचा तोल चांगला धरतात. अडचण येते ती अशी बोटं अरुंद बुटात कोंबल्यावर.

ही गोष्ट फक्त कोकणापुरती नाही. चेन्नईला केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. त्या संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त माणसांच्या पावलांची मापं यंत्राने घेतली. त्यात दिसलं, की आपल्या लोकांची पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा साधारणपणे जास्त रुंद असतात. आणि आपण वापरतो ते नंबर कुठले? इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले, इंग्लंडचे. या पाहणीवरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. 'भा' म्हणजे भारतातला भा. पण अजून दुकानातल्या खोक्यांवर आपल्याला बहुतेक ठिकाणी इंग्लंडचेच नंबर दिसतात. म्हणून रुंदीची काळजी आपली आपणच घ्यायला हवी.

मोठमोठ्या धावपटूंनाही हाच त्रास

स्वप्ना बर्मन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ती पश्चिम बंगालमधल्या जलपाईगुडीची. वडील सायकल-रिक्षा ओढत, आई चहाच्या मळ्यात काम करत असे. स्वप्नाच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं आहेत. ती सात खेळांच्या हेप्टॅथलॉन स्पर्धेची खेळाडू. त्यात अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक, २०० मीटर धावणं, लांब उडी, भालाफेक आणि शेवटी ८०० मीटर धावणं असतं. पाच बोटांसाठी बनवलेल्या बुटात सहा बोटं कोंबून ती हे सगळं करत आली. २९ ऑगस्ट २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने ६०२६ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलं. या प्रकारात आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. जिंकल्यावर तिने उघडपणे सांगितलं, की साध्या बुटांत पाय दुखतात. त्यानंतर अडिडास कंपनीने तिच्या पायाच्या मापाचे खास बूट तयार करून दिले.

यातला धडा साधा आहे. तिने "माझे पायच असले" म्हणून गप्प बसणं सोडलं आणि "माझ्या पायाला बसतील असे बूट हवेत" असं सांगितलं. आपल्याला कुठली कंपनी बूट बनवून देणार नाही, हे खरं. पण दुकानदाराला तसं सांगण्याचा हक्क आपल्यालाही आहेच.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन धावणार होता. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. त्याचे नवे बूट पायाला नीट बसेनात. त्याला अनवाणी धावण्याची सवय होती. त्याने बूट बाजूला ठेवले, अनवाणी धावला आणि सुवर्णपदक घेऊन आला. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा पहिला आला. म्हणजे न बसणाऱ्या बुटापेक्षा मोकळा पाय बरा, आणि बसणारा बूट असला तर बूटही चांगला.

मग आपणही अनवाणीच धावावं का? आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊतही सुरुवातीला अनवाणी धावली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदकापर्यंत पोचली. पण ते अनवाणी धावणं हौसेचं नव्हतं, परिस्थितीचं होतं. आपल्याकडे डांबरी रस्त्यावर काच असते, खडी असते. पावसात साचलेल्या पाण्यातून जायचं आणि पायाला चीर असेल, तर लेप्टोची भीती असते. म्हणून बूट हवेतच. पण बसणारे हवेत.

नंबर म्हणजे काय?

इंग्लंडचा नंबर फार जुन्या हिशेबावर चालतो. जवाचे तीन दाणे लांबीने एकापुढे एक ठेवले की एक इंच, असं तिकडे धरत. एक नंबर वाढला की लांबी एका दाण्याने, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्शाने वाढते. ते होतात साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. खोक्यावर ३८, ३९ असे मोठे आकडे दिसतात ते युरोपचे. त्यात एक आकडा म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आत-बाहेर.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, नंबर लांबीचा असतो, रुंदीबद्दल तो काहीच सांगत नाही. दुसरी, प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो. एका कंपनीचा ५ नंबर बसला म्हणून दुसऱ्या कंपनीचा ५ बसेलच असं नाही. आणि चपलेच्या नंबरावरून बूट घेणं तर अजिबात चुकीचं, कारण चपलेत टाच किंवा बोट बाहेर आलं तरी चालून जातं, बुटात चालत नाही.

पुष्कळ कंपन्यांच्या खोक्यावर किंवा जिभलीच्या आतल्या चिठ्ठीवर सेंटिमीटरचा आकडाही छापलेला असतो. आपल्या उपयोगाचा तोच. कारण सेंटिमीटर आपण घरी मोजू शकतो.

घरी माप कसं घ्यायचं?

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून, काम करून पाय थोडे सुजतात. धावताना-चालतानाही तसेच फुगतात. सकाळच्या मापाचे बूट संध्याकाळी आवळतात.

जे पायमोजे घालून धावणार तेच घाला. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा. टाच भिंतीला टेकवून त्यावर उभ्या राहा. वजन दोन्ही पायांवर सारखं हवं. बसून माप घेऊ नका, कारण उभं राहिल्यावर पाऊल लांबीला आणि रुंदीलाही वाढतं. स्वतः वाकून रेघ मारू नका, वाकलं की वजन सरकतं. शेजारणीला सांगा. तिने पेन्सिल अगदी सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ काढावी. पेन्सिल आत कलली तर माप लहान येतं.

आता टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. कित्येकींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. तसं असेल तर माप त्या बोटाचं धरायचं. मग चवड्याची रुंदी मोजा, अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापासून करंगळीच्या मुळाच्या सांध्यापर्यंत. शेवटी त्याच जागी शिवणाची टेप गुंडाळून पावलाचा घेर घ्या. दोन्ही पायांची मापं लिहा. दोन्ही सारखे असतीलच असं नाही. फरक दिसला तर घाबरू नका, थोडाफार फरक पुष्कळांना असतो. बूट घ्यायचे ते मोठ्या पायाच्या मापाने.

आणि हे माप एकदा घेतलं की जन्मभर चालतं, असंही समजू नका. पहिल्या बाळंतपणानंतर पुष्कळ जणींच्या पायाची कमान थोडी खाली बसते आणि पाऊल लांब होतं. हा बदल बहुधा तसाच राहतो. वजन वाढलं, वय वाढलं, तरी पाऊल पसरतं. लग्नाआधी ४ नंबर होता म्हणून आजही ४ मागणाऱ्या बायका मग पाय दुखतात म्हणून बसतात. दर वर्षी एकदा नव्याने मापा.

मुंबईहून बूट मागवायचे असतील तर

फोनवर नंबर सांगू नका. कागदावरची पावलाची आकृती जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापा. जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर तो पुठ्ठा पाठवा. ते जमत नसेल तर आकृतीशेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा आणि लांबी-रुंदीचे आकडे लिहून कळवा.

घेणाऱ्याला सांगा, की बुटातली आतली गादी बाहेर काढ. बहुतेक धावायच्या बुटांत ती सुटी असते. तिच्यावर हा पुठ्ठा ठेव. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सेंटिमीटरभर जागा उरली पाहिजे. आणि चवड्याजवळ पुठ्ठा गादीच्या बाहेर येता कामा नये. बाहेर आला तर तो बूट अरुंद, मग नंबर काहीही असो. बूट बदलून मिळतील का, हे पैसे देण्याआधीच विचारायला सांगा, आणि पावती जपून ठेवायला सांगा.

दुकानात स्वतः गेलात तर

कुडाळच्या बाजारात जाणार असाल तर दुपारनंतर जा. पायमोजे आणि मापाचा कागद बरोबर न्या. मग ही तपासणी करा.

आधी गादी काढून तिच्यावर उभ्या राहा. पाय बाहेर सांडतो का बघा. हे पुठ्ठ्यासारखंच, पण प्रत्यक्ष पायाने.

मग दोन्ही बूट घालून, नाडी बांधून उभ्या राहा. दुकानदार बसलेल्या पायाला दाबून बघतो, ते पुरेसं नाही. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. आत बोटं हलवून बघा, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी ती हलली पाहिजेत.

चवड्यावर उभ्या राहा. पाऊल जिथे वाकतं तिथेच बूट वाकला पाहिजे. मधोमध वाकत असेल तर तो तुमच्या पायाचा नाही.

दुकानाच्या दारापर्यंत धावून या, दोन-तीनदा. लाजू नका. टाच वर-खाली सरकते का ते बघा. थोडीशी सरकली तर नाडीने जमवता येतं, त्याबद्दल पुढे सांगते. सारखी निसटत असेल तर नको.

शेवटी दुकानाच्या पायरीवर किंवा उतारावर उतरून बघा. आपलं वालावल काही सपाट गाव नाही. चढणीला पाय मागे जातो, उतरणीला पुढे सरकतो आणि बोटं बुटाच्या टोकाला आपटतात. नख काळं पडतं ते त्यामुळे. उतरताना बोट टोकाला लागलं तर अर्धा नंबर मोठा बघा.

"सैल होतील" या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या चामड्याच्या चपला पायाप्रमाणे ताणल्या जायच्या. आजचे धावायचे बूट जाळीच्या कृत्रिम कापडाचे असतात. ते तसे ताणत नाहीत. दुकानात लागतो तो बूट रस्त्यावरही लागणार.

अडचणीचे पाय आणि त्यावरचे उपाय

चवडा रुंद असेल तर पुष्कळ जणी एक-दोन नंबर मोठे बूट घेतात. रुंदी जमते, पण बूट लांब होतो, पाय आत घसरतो आणि ठेच लागून पडायला होतं. त्यापेक्षा पुरुषांच्या बुटांत आपल्या लांबीचा बूट बघा. इंग्लंडच्या मापात बाईचा आणि पुरुषाचा नंबर एकाच पट्टीवर असतो, आणि पुरुषांचे बूट सहसा जास्त रुंद असतात. काही कंपन्या रुंदीसाठी इंग्रजी अक्षरं देतात. बायकांच्या बुटात 'बी' म्हणजे नेहमीची रुंदी आणि 'डी' म्हणजे रुंद. पुरुषांच्या बुटात 'डी' नेहमीची आणि 'टू-ई' रुंद. रंग पुरुषी वाटला तर वाटू दे. पायाला रंग कळत नाही.

अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा आला असेल, तर त्या जागी शिवण किंवा जाड पट्टी नसलेला, मऊ जाळीचा बूट घ्या. आत हात घालून ती जागा चाचपून बघा.

एक पाय लहान असेल, तर लहान पायाच्या बुटात एक जास्तीची पातळ गादी घाला. टोकाला कापूस किंवा चिंधी कोंबू नका. भावाचे जुने बूट बहिणीला देताना घरोघरी हेच करतात. वापरलेला बूट भावाच्या पायाप्रमाणे बसलेला असतो, त्याचा तळ एका बाजूने झिजलेला असतो. मुलगी भरतीसाठी धावत असेल तर तिला तिचे स्वतःचे बूट हवेत.

तळवा सपाट असेल तर काय? पुष्कळदा सांगितलं जातं, की सपाट पायाला अमुक प्रकारचा महागडा बूटच लागतो. याबद्दल एक गोष्ट ऐका. अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीन दलात नव्याने भरती झालेल्यांवर प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. काही जणांना तळव्याच्या आकाराप्रमाणे निवडून बूट दिले आणि बाकीच्यांना तळवा न बघता सरसकट एकाच प्रकारचे. दोन्ही गटांत दुखापतींमध्ये म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणून सपाट पायाच्या बाईनेही आधी बघावं ते हे, की बूट लांबी-रुंदीला बसतो का आणि धावताना पायाला बरा वाटतो का. दुखत नसेल तर केवळ तळवा सपाट आहे म्हणून जास्त पैसे घालू नका. दुखत असेल तर दुकानदाराला नाही, डॉक्टरांना दाखवा.

नाडीची युक्ती

त्याच बुटात नाडी वेगळ्या तऱ्हेने ओवली की बूट पायाला जास्त चांगला बसतो.

चवडा आवळत असेल तर बोटांकडची पहिली भोकं सोडून द्या, दुसऱ्या भोकांपासून ओवायला सुरुवात करा. पुढचा भाग मोकळा होतो.

पावलाचा वरचा भाग उंच असेल आणि तिथे नाडी रुतत असेल, तर त्या एका जागी फुली मारू नका. नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात सरळ न्या. वर गेल्यावर पुन्हा फुलीने ओवा.

चवडा रुंद आणि टाच निमुळती असेल तर टाच निसटते. धावायच्या बुटाला घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, ते आपण बहुधा रिकामंच ठेवतो. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात घाला, पण पूर्ण ओढू नका, छोटा फासा ठेवा. दोन्ही बाजूंना असे फासे झाले, की उजवी नाडी डाव्या फाशातून आणि डावी उजव्या फाशातून काढा, ओढा आणि गाठ मारा. टाच घट्ट धरली जाते आणि चवडा मोकळा राहतो.

घेतल्यानंतर

पोलीस भरतीत मुलींना १०० मीटर आणि ८०० मीटर धावायचं असतं, शिवाय गोळाफेक. त्या दिवशी कोरे बूट घालून मैदानावर जाऊ नका. निदान दोन-तीन आठवडे आधी घ्या आणि सरावात वापरा. फोड यायचाच असेल तर तो घरी येऊ दे.

आपल्या दमट हवेत निव्वळ सुती पायमोजे घाम धरून ठेवतात, पाय ओला राहतो आणि फोड येतात. कृत्रिम धाग्याचे, लवकर वाळणारे मोजे बरे. पावसात बूट भिजले तर गादी आणि नाडी काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, ते ओले झाले की बदला. सावलीत, वाऱ्याला ठेवा. चुलीजवळ ठेवले तर तळाचा डिंक सुटतो. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा. लावणीच्या दिवसांत चिखल्या झाल्या असतील तर बऱ्या होईपर्यंत बंद बुटात पाय कोंडू नका. आणि घालण्याआधी बूट रोज उलटा करून झटका. आपल्याकडे आत विंचू किंवा गोम असू शकते.

धावायचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. रोज ४ किलोमीटर, महिन्यात २५ दिवस, म्हणजे महिन्याला १०० किलोमीटर झाले. तेव्हा पाच ते आठ महिन्यांत तो बदलायला येतो. वरून चांगला दिसला तरी तळाची गादी बसलेली असते.

साखर असलेल्या बहिणींसाठी

आतापर्यंत मी सारखं म्हटलं, की बरं वाटतं का ते बघा. तुम्हाला मात्र हा नियम पुरत नाही. साखर जुनी झाली की पावलाची संवेदना कमी होते. बूट लागत असला तरी कळत नाही आणि फोडाची जखम होऊन बसते. म्हणून तुम्ही पायाच्या जाणिवेवर नाही, पुठ्ठ्याच्या मापावर विसंबा. बूट घेण्याआधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. बधिरपणा असेल तर एम.सी.आर. या मऊ रबराच्या तळाची पादत्राणं मिळतात, त्याबद्दल विचारा. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा किंवा उसवलेली शिवण आहे का ते बघा. रोज रात्री तळवे तपासा, वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून किंवा सुनेला दाखवून. जखम, लाली, सूज दिसली तर घरगुती लेप लावत बसू नका, दवाखान्यात जा.

बाकीच्यांनीही लक्षात ठेवा. बूट नीट बसूनही दुखणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही, किंवा हाडावर एकाच जागी दाबून दुखत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

साडीवर बूट?

आता शेवटची अडचण, पण कित्येकींच्या बाबतीत पहिली. "साडीवर बूट घालून रस्त्याने गेले तर लोक काय म्हणतील?" लोक दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी सवय होईल. एकटीला लाज वाटते, पाच जणी मिळून निघाल्या की वाटत नाही. म्हणून हे काम गटाने करा.

पुढच्या बैठकीला जाड कागद, पेन्सिल आणि टेप घेऊन या. एकमेकींची मापं घ्या. गटाच्या वहीत एक पान करा. नाव, तारीख, डावा पाय, उजवा पाय, लांबी, रुंदी, घेर. ज्यांच्या मुली भरतीला धावतात त्यांचीही मापं लिहा. प्रत्येकीचा पुठ्ठा कापून त्यावर नाव घाला आणि पिशवीत ठेवा. सात-आठ जणींचे बूट एकदम घ्यायचे असतील तर दुकानदार वेगळे साचे मागवायला आणि बदलून द्यायला जास्त तयार होतो, हा बचत गटाचा फायदा इथेही करून घ्या.

आणि गणपतीच्या आधी फोन आला, "नंबर किती?" तर म्हणा, "नंबर सोड. पुठ्ठो धाडतंय, तेच्यार बसतीत ते घेवन ये."